मी कुठे आहे, ते मला कळू दे

मे महिन्यात आमच्या सायकल ग्रुपवर एका नव्या मुलीनं विचारलं, "जीपीएस कॉम्प्युटर घ्यायचाय. कुठला घेऊ?" एवढंच. सकाळी साडेनऊला प्रश्न पडला आणि मी दुपारी जेवायला उठले तेव्हा त्याच्याखाली त्रेसष्ट मेसेज होते. गार्मिन की वाहू, यावर दोन दादा हमरीतुमरीवर आले होते. एकानं बिचकत ब्रायटन सुचवलं, तर त्याला "खेळणं आहे ते" म्हणून गप्प केलं. "एकदाच चांगलं घे, म्हणजे परत परत घ्यावं लागत नाही" हे वाक्य तीन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलं होतं. त्या तिघांनीही गेल्या चार वर्षांत दोन-दोन कॉम्प्युटर घेतलेत. मला माहीत आहे, कारण त्यांतला एक जुना मीच विकत घेतलाय.

त्रेसष्टपैकी एकाही मेसेजमध्ये तिला उलट विचारलं नव्हतं की बाई गं, तू सायकल चालवतेस कुठे?

मी लिहिलं, "कुठे जातेस, किती वाजता जातेस आणि कोणाबरोबर जातेस ते सांग, मग सांगते. तीन तासांच्या आत घरी परत येत असशील तर काहीच घेऊ नकोस, फोन खिशात टाक." त्यावर उत्तर आलं, "ताई, नवीन लोकांना डिमोटिव्हेट नका करू." खाली हसून डोळ्यांत पाणी आलेला पिवळा चेहरा. मग मी ग्रुप म्यूट केला आणि हे लिहायला बसले.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा डेटा वाचेल. सायकलच्या हँडलवर हे यंत्र लावायचं ते मी आत्ता कुठे आहे हे मला कळावं म्हणून. आपल्याकडे ते घेतलं जातं मी कुठे होते आणि किती जोरात होते हे बाकीच्यांना कळावं म्हणून. या दोन गरजा वेगळ्या आहेत. त्यांना लागणारं यंत्र वेगळं, किंमत वेगळी, सेटिंगही वेगळं. आणि दुकानात, यूट्यूबवर, ग्रुपवर सगळीकडे दुसरी गरजच विकली जाते, तीही पहिलीच्या नावाखाली.

थोडं यंत्राबद्दल, कारण "महाग म्हणजे अचूक" ही समजूत तिथूनच येते. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि अखंड एकच गोष्ट सांगत राहतात: मी अमुक उपग्रह, माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत, मी इथे आहे. खालचं यंत्र ते ऐकतं. किमान चार उपग्रहांचं ऐकू आलं की संदेश पोचायला लागलेल्या वेळांवरून ते स्वतःची जागा काढतं. यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, तिच्याकडे मी पुढे परत येणार आहे: उपग्रह बोलतात, यंत्र फक्त ऐकतं. ते उपग्रहाला काहीही सांगत नाही. तुम्ही कुठे आहात हे वरच्या कुणालाही कळत नसतं.

मे २००० पर्यंत अमेरिका सर्वसामान्यांसाठीचा हा संदेश मुद्दाम बिघडवून पाठवत असे. २ मे २००० ला तो बिघाड बंद झाला आणि साध्या यंत्रालाही मोकळ्या आभाळाखाली काही मीटरच्या आत जागा सापडायला लागली. आज आठ-दहा हजारांचा कॉम्प्युटर आणि सायकलपेक्षा महाग कॉम्प्युटर तेच उपग्रह ऐकतात. महागातला काही मॉडेलांमध्ये दोन फ्रीक्वेन्सी ऐकतो, त्यामुळे उंच कड्याखाली किंवा टॉवरांच्या गर्दीत रेघ कमी हलते. तुम्ही रस्त्याच्या डाव्या कडेला होता की उजव्या, हे ज्याला नंतर बघायचंय त्यानं त्याचे पैसे द्यावेत. मला रस्ता कोणता एवढंच हवं असतं. जास्तीचे पैसे जातात ते पडदा, नकाशा, बॅटरी आणि व्यायामाच्या आकडेमोडीसाठी. यातल्या पहिल्या तीन गोष्टी कामाच्या आहेत.

नकाशा किती कामाचा, हे मला जेजुरी-सासवड रस्त्यावर कळलं.

माझी पहिली तीनशेची बीआरएम होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही शर्यत नसते. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात पूर्ण करायचं. दोनशेला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. वाटेत कंट्रोल पॉइंट असतात, तिथे सही नाहीतर एटीएमची पावती घ्यायची. मदतीची गाडी मागे नसते. पहाटे सहाला निघालेली मी रात्री साडेअकराला जेजुरी सोडून सासवडकडे येत होते. चाळीसेक किलोमीटर आणि अडीच तास उरले होते. म्हणजे आरामात होते. सोबतचे दोघं पुढे निघून गेले होते, तेही माझ्याच सांगण्यावरून.

पालखी मार्गाचं रुंदीकरण चालू होतं. एका जागी बॅरिकेड लावून गाड्या खालच्या कच्च्यावर वळवल्या होत्या. मीही वळले. थोडं पुढे तो कच्चा दोन ठिकाणी फुटला आणि मी चुकीचा धरला. तेव्हा माझ्याकडे जो कॉम्प्युटर होता त्यात नकाशा नव्हता. खोक्यावर "नेव्हिगेशन" लिहिलेलं होतं. आत होतं ते असं की काळ्या पडद्यावर एक रेघ आणि त्या रेघेवर तुम्ही, एक बाण. रेघेवर आहात तोवर झकास. रेघ सुटली की यंत्र कर्तव्यदक्षपणे टुंय करून सांगतं, तुम्ही मार्गावर नाही. मार्ग डावीकडे कुठेतरी तीनशे मीटरवर आहे. मधे काय आहे? शेत, ओढा, कंपाउंड, रस्ता? त्याला काहीच माहीत नाही. त्याच्या जगात माझ्या रेघेखेरीज दुसरा रस्ताच अस्तित्वात नव्हता.

मोटरसायकलवरून दोघंजण आले. माझ्याजवळ येऊन वेग कमी केला. "कुठं जायचंय?" मी म्हटलं, "आमचे लोक मागून येतायत." मागे कुणी नव्हतं. ते थोडं पुढे जाऊन थांबले आणि वळून बघत राहिले. कदाचित भले लोक असतील, कदाचित खरंच रस्ता दाखवला असता. हा प्रयोग करून बघण्याची ती वेळ नव्हती. मी फोन काढला, नऊ टक्के चार्ज, नकाशा उघडेपर्यंत सात. ज्या दिशेनं आले होते त्या दिशेला सायकल वळवली आणि जीव खाऊन बॅरिकेडपर्यंत परत आले. पुण्यात पोचले एक अठ्ठेचाळीसला, बारा मिनिटं राखून. सगळ्यांनी अभिनंदन केलं. त्या आठवड्यात मी तो कॉम्प्युटर विकला आणि वर सांगितलेल्या दादांकडून त्यांचा जुना, दोन मॉडेल मागचा, पण आत पूर्ण नकाशा असलेला घेतला.

म्हणून जुन्या सायकलवाल्यांचा एक लाडका युक्तिवाद मला सहन होत नाही. "आम्ही विचारत विचारत जायचो. लोकांशी बोलणं व्हायचं. तुम्ही पडद्यात डोकं घालून जाता." काका, तुम्ही विचारत जायचात, कारण तुम्हाला विचारता येत होतं. रात्री साडेअकराला एकट्या बाईनं रस्ता विचारणं म्हणजे समोरच्याला दोन गोष्टी सांगणं: मी एकटी आहे आणि मला इथलं काही माहीत नाही. दिवसा मीही विचारते, उसाच्या गुऱ्हाळावर थांबून अर्धा तास गप्पा मारते. पण कधी विचारायचं आणि कधी नाही हे ठरवायची मुभा मला त्या नकाशानं दिली. सायकल चालवणाऱ्या बायकांसाठी चाकांनंतर ही दुसरी मोठी गोष्ट आहे असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल. हसा.

तर पैसे कशाला द्यायचे याचं माझं उत्तर: रेघेला नाही, नकाशाला. आणि रेघ सुटली तर नवी वाट काढून देणाऱ्याला. त्यानंतर बॅटरी. खोक्यावरच्या तासांमधून एक तृतीयांश वजा करा, कारण रात्री पडद्याचा दिवा लागतो. पॉवर बँक जोडल्यावर नोंद चालू राहते का, हे दुकानातच तपासा. चार्जिंगचं तोंड कुठल्या बाजूला आहे तेही बघा. माऊंटच्या खाली दडलेलं असेल तर चालत्या सायकलवर वायर लागत नाही. त्यानंतर बटणं. टच स्क्रीनवर पावसाचे थेंब स्वतःच बोटं मारतात. ताम्हिणीत जुलैमध्ये एका मित्राच्या कॉम्प्युटरनं आपणहून भाषा बदलली होती. पुढचे तीस किलोमीटर त्याला बहुधा पोलिशमध्ये वळणं सांगितली जात होती. बटणं दणकट लागतात आणि ओल्या हातमोज्यातही दबतात.

"मग फोनच लावा ना हँडलवर." लावा की. तीन तासांसाठी फोनच चांगला, आणि हँडलवर लावायचीही गरज नाही. पडदा बंद करून खिशात ठेवला तरी रेघ तशीच उमटते. बॅटरी खातो तो पडदा. पण लांबच्या राइडला, उन्हात, पावसात फोन हँडलवर ठेवणं म्हणजे संकटात फोन करायचं साधन आधीच वापरून संपवणं. माझे ते नऊ टक्के आठवा. कॉम्प्युटरच्या पडद्याला दुपारच्या उन्हाचाच उजेड पुरतो, दिवा लागत नाही, म्हणून तो पंधरा-वीस तास चालतो. यापलीकडे त्यात चमत्कार नाही.

आता आकड्यांकडे येते. इथं मला खरं भांडायचंय.

आमच्या ग्रुपमधले चौघं एका रविवारी सिंहगडावर एकत्र चढले, एकत्र उतरले आणि खाली पिठलं-भाकरी खाताना कुणी किती मीटर चढ केला यावर त्यांचं वाजलं. चार यंत्रं, चार आकडे. डोंगर एकच. याचं कारण साधं आहे. उपग्रहांवरून उंची काढताना चूक आडव्या जागेपेक्षा जास्त होते, म्हणून बऱ्या कॉम्प्युटरमध्ये हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर असतो. वर जावं तसा दाब उतरतो. आपल्याकडे साधारण एक हेक्टोपास्कल उतरला म्हणजे आठ-नऊ मीटर चढलो, असा त्याचा हिशेब. पण दाब हवामानामुळेही उतरतो. पावसाळी दिवशी तो तीन-चार हेक्टोपास्कलनं खाली आला की टपरीत भजी खाताना तुम्ही तीसेक मीटर चढलेले असता. बॅरोमीटरच्या भोकात पाण्याचा थेंब अडकला तर विचारूच नका. कात्रजच्या बोगद्यात शिरलात की उपग्रह ऐकू येत नाहीत आणि चाकाला सेन्सर नसेल तर वेगाचा आकडा निव्वळ अंदाज असतो. बॅटरी वाचवायच्या मोडमध्ये यंत्र कमी वेळा जागा टिपतं, मग घाटातली वळणं रेघ सरळ छाटून जाते आणि तुमचे किलोमीटर कमी भरतात. कॅलरी? छातीचा पट्टा किंवा पॉवर मीटर नसेल तर ते भविष्य आहे, राशीभविष्याइतकंच.

यात यंत्राची चूक नाही. ते मोजमापाचं साधन आहे आणि प्रत्येक मोजमापाला चूक असते, हे अकरावीत फिजिक्सच्या पहिल्या धड्यात शिकवतात. चूक आपली की आपण त्याचा दशांशापर्यंतचा आकडा घेऊन त्यावर माणसं मोजतो. बरं, आता यंत्रही माणसं मोजायला लागलंय. पाळीच्या दुसऱ्या दिवशी कंबर धरून पंचवीस किलोमीटर करून आले, तर पडद्यावर अक्षरं आली: "अनप्रॉडक्टिव्ह". माझी आई हे मला फुकटात सांगते.

आणि पाबे घाट.

ऑक्टोबर होता, पाऊस नुकताच संपलेला, दोन्ही बाजूंना गवत छातीएवढं. पाबे घाटाच्या उतारावर एक "सेगमेंट" आहे, म्हणजे रस्त्याचा एक तुकडा कापून त्यावर कोणी किती सेकंदांत गेलं याची यादी. बायकांच्या यादीत मी अठरावी होते. सोळावी व्हायचं होतं. का, ते मला आज सांगता येत नाही. कॉम्प्युटरवर तो सेगमेंट चालू वेळात दिसायची सोय होती: पडद्यावर मोठ्या अक्षरांत उणे चार सेकंद, उणे पाच सेकंद. मी रस्ता बघत नव्हते असं नाही. पण एकदा रस्ता, एकदा आकडा, असं चाललं होतं.

एका वळणावर कडेच्या गवतातून डोक्यावर भारा घेतलेली एक बाई रस्त्यावर आली. तिला मी दिसणं शक्यच नव्हतं. मी ब्रेक दाबले, मागचं चाक खडीवरून सरकलं आणि मी डाव्या खांद्यावर आपटले. तिला लागलं नाही. हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत स्वतःला पुष्कळदा म्हटलंय.

डावा हात उचलत नव्हता. कॉलरबोन मोडलं होतं, ते नंतर कळलं. उजवा हात चालत होता. त्या हातानं मी पहिली गोष्ट काय केली असेल? सायकलपर्यंत सरपटत गेले आणि कॉम्प्युटरचं बटण दाबून राइड थांबवली. ॲव्हरेज खराब होऊ नये म्हणून. ती बाई धावत येऊन माझ्याजवळ बसली, म्हणाली, "लागलं का गं पोरी?" आणि मी तिला म्हटलं, "एक मिनिट."

तिनं मला सावलीत बसवलं, तोंडावर पाणी मारलं, येणारी पहिली जीप हात करून थांबवली. जीप वळवून घेताना तिचं चाक तिच्या विखुरलेल्या गवतावरून गेलं. सकाळपासूनचं काम असणार ते. मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही.

अशा गोष्टी इतरत्र याहून वाईट संपल्यात. २०१० साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलेमध्ये एक सायकलस्वार उतारावरचा आपला गेलेला विक्रम परत मिळवायच्या नादात मेला. घरच्यांनी २०१२ मध्ये स्ट्राव्हावर खटला भरला, तो पुढल्या वर्षी न्यायालयानं फेटाळला. सायकलिंगचे धोके चालवणाऱ्यानं पत्करलेले असतात, असा एकूण सूर. कायद्यानं ते बरोबर असेल. माझ्या खांद्याचा धोका मीही पत्करला होता. भारा घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या बाईनं तो कधी पत्करला?

तेव्हा उतारावरचा सेगमेंट हा प्रकार बंद व्हावा असं माझं स्पष्ट मत आहे. चढावर करा काय करायचं ते. चढावर माणूस फार तर धापा टाकतो. आपल्या घाटांतून गुरं जातात, शाळेतली पोरं जातात, लाल डबा जातो. तिथं उतरण्याच्या वेगाची यादी करणं आणि ती हँडलवर सेकंदासेकंदाला दाखवणं, याला "मोटिव्हेशन" म्हणायला जीभ कशी उचलते?

आता ते वरचं वाक्य, की यंत्र फक्त ऐकतं. बोलायला सुरुवात करतो तो आपण, नंतर. राइड संपली की कॉम्प्युटर ब्लूटूथनं फोनला सांगतो, फोन कंपनीच्या सर्व्हरला, तो सर्व्हर दुसऱ्या ॲपला, आणि ॲप सगळ्या गावाला. जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की स्ट्राव्हानं आधीच्या नोव्हेंबरात छापलेल्या जगाच्या हीटमॅपवर अफगाणिस्तान आणि सीरियातल्या लष्करी तळांच्या आतले रस्ते चमकतायत. सैनिक रोज सकाळी पळत होते, एवढंच. जगभर गहजब झाला. सैन्याची काळजी करायला माणसं असतात.

माझी गोष्ट लहान आहे. ऑफिसच्या आधी मी रोज बाणेर-सूस-नांदे असा फेरा मारायचे. राइड नोंदवायच्या एका ॲपवर ते आपोआप चढायचं. एक अनोळखी माणूस प्रत्येक राइडला अंगठा द्यायचा. मला वाटलं, असेल कुणी. एका सकाळी चहाच्या टपरीवर थांबले, तर बाजूला उभा असलेला एकजण हसून म्हणाला, "आज पाच मिनिटं लेट झाला तुम्हाला."

पुढे काहीही झालं नाही. तो परत दिसलाही नाही, निदान मला. पण मी तीन महिने पहाटे एकटी बाहेर पडले नाही. ग्रुपवर सांगितलं तेव्हा उत्तर आलं, "अगं, प्रायव्हेट करायचं ना मग." अगदी खरं. पण दार उघडं ठेवून घर विकायचं आणि चोरी झाल्यावर कडी दाखवायची, ही कुठली रीत? आणि घराभोवतीचा तुकडा लपवायची सोय वापरली तरी रोजची टपरी रेघेच्या मधोमध दिसतच राहते.

नवीन घेणाऱ्यांना हे कुणीच सांगत नाही की अपलोड केल्याशिवायही राइड झालेली असते. कॉम्प्युटरच्या पोटात तिची एक फाइल असते, ती केबल लावून काढून घेता येते आणि ती तुमची असते. जुलै २०२० मध्ये गार्मिनवर सायबर हल्ला झाला आणि त्यांची सेवा काही दिवस बंद पडली, तेव्हा लोक "माझ्या राइड गेल्या" म्हणून हवालदिल झाले होते. कुठे गेल्या? हँडलवरच होत्या. म्हणून घेताना हेही विचारा: कंपनीचं ॲप न उघडता, कुठेही लॉगिन न करता यात मार्ग भरता येतो का आणि फाइल बाहेर काढता येते का? नाही म्हणाला तर दुसरं बघा, कितीही देखणं असलं तरी.

लाइव्ह ट्रॅकिंगही मी वापरते, हो. बीआरएमच्या रात्री माझ्या बहिणीला मी नकाशावर दिसते. फक्त तिला. ती जागी राहत नाही, पण तिच्या फोनमध्ये मी हलतेय एवढं मला पुरतं.

माझ्या पडद्यावर आता तीनच गोष्टी आहेत: नकाशा, घड्याळ, पुढच्या वळणाचं अंतर. मार्ग आधी भरलेला असला तर चढ किती उरलाय ते दुसऱ्या पानावर. वेग कुठेच नाही. पहिले पंधरा दिवस हात चुकल्यासारखा तिकडे जायचा, नंतर थांबला. कॉम्प्युटर मोजत असतोच, घरी येऊन बघता येतं. बऱ्याचदा मी बघत नाही.

ती नवी मुलगी. तिनं मला वेगळा मेसेज केला. एरवी ऑफिसला सायकलनं जाते, रविवारी भावाबरोबर खडकवासल्यापर्यंत. हिवाळ्यात दोनशेची बीआरएम करायचीय. मी म्हटलं, आत्ता घेऊ नकोस, माझा महिनाभर वापरून बघ. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघी मुळशीकडच्या आतल्या रस्त्यांवर गेलो. कॉम्प्युटर तिच्या हँडलवर होता. एका फाट्यावर नकाशा उजवीकडे वळा म्हणाला. तिथं गुरं राखत बसलेल्या आजी म्हणाल्या, "तिकडं कुठं निघालात पोरींनो? पुढची फरशी वाहून गेलीया गेल्या श्रावणात."

ती म्हणाली, "पण मॅपमध्ये तर दाखवतोय."

मग टपरीवर बसून तिला सांगितलं की हा नकाशा आभाळातून पडत नाही. या बहुतेक सगळ्या कॉम्प्युटरांतले नकाशे ओपनस्ट्रीटमॅपवरून बनलेले असतात. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेलं काम आहे, लोकांनी आपापल्या फावल्या वेळात काढलेलं, कुणालाही दुरुस्त करता येणारं. आपल्याकडचे आतले रस्ते त्यात आहेत, कारण कुणीतरी बसून काढले. जे चुकलेत ते कुणी गेलं नाही म्हणून, किंवा गेलं आणि फक्त आपली राइड टाकून मोकळं झालं म्हणून. तिनं फोनवर तो नकाशा उघडला, ओढ्याच्या जागी खूण केली आणि टाइप केलं, "फरशी पूल वाहून गेला आहे. सायकल उचलूनही पलीकडे जाता येत नाही." नाव टाकायचं का, असं विचारलं. मी म्हटलं, तुझी मर्जी. तिनं नाही टाकलं.

तिनं अजून कॉम्प्युटर घेतलेला नाही. महिना कधीच संपला. मला तो डिसेंबरच्या चारशेला परत हवाय, तेवढं तिला सांगून ठेवलंय.